सहा महिन्यांची मुदत

आमदार झाल्यावर मी माझ्या एकशे चाळीसेक फायली दोन ज्युनियर मुलींच्या हवाली केल्या. प्रत्येक पक्षकाराला बोलावलं, वकीलपत्र बदललं, पुढची तारीख समजावून सांगितली. एक फाईल मात्र कुणालाच दिली नाही. तिचा निकाल लागून गेला होता आणि तो माझ्या विरोधात होता. अजूनही ती माझ्या टेबलाच्या उजव्या खणात असते. विधानसभेत मी काय करायला गेले ते तिच्यात आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तालुका कोर्टात मी एकोणीस वर्षं वकिली केली. वाटणीचे दावे, ताबा, फेरफारावरच्या हरकती, खावटी, चेक परत गेल्याची प्रकरणं, असंच काम. ज्या साहेबांकडे मी ज्युनियर म्हणून राहिले ते म्हणायचे, आधी कागद वाच, मग माणूस ऐक, मग परत कागद वाच. ती सवय पुढे विधानसभेत माझ्या सगळ्यात जास्त उपयोगी पडली.

ही फाईल एका विधवा बाईंची. मी त्यांना मावशी म्हणते, त्या मला ताई म्हणतात. दोन एकर रान, त्यात ऊस. रानात जायचा गाडीरस्ता दिराच्या शेतातून, तीन पिढ्यांच्या वहिवाटीचा. एका उन्हाळ्यात दिराने तो नांगरून टाकला आणि तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकल्या. मावशी काही लगेच वकिलाकडे आल्या नाहीत. भावकीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेल्या. ते म्हणाले, पेरण्या उरकू द्या. मग गणपती आले. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे, मग बसू. तोवर ऊस तोडणीला आला. ट्रॅक्टर आत जाईना, तेव्हा तोडणीच्या टोळीने मोळ्या डोक्यावरून दुसऱ्याच्या रानातून बाहेर काढल्या आणि त्याचे जादा पैसे घेतले. ते पैसे गेले तेव्हा मावशी माझ्या ऑफिसात आल्या. रस्ता नांगरल्याला नववा महिना लागला होता.

ज्यांचा या कायद्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगते. बांधावरून नवा रस्ता मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १४३ आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५. या दुसऱ्या कायद्याखाली तहसीलदार, म्हणजेच कायद्यातला मामलेदार, स्वतः न्यायालय म्हणून बसतात आणि अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात. दिवाणी कोर्टापेक्षा हे खूपच झटपट. पण त्याच कलम ५ च्या पोटकलम (३) मध्ये एक अट आहे: दाव्याचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा आला पाहिजे.

मी तरीही दाखल केला. म्हटलं, अडथळा रोजचा आहे, तेव्हा दाव्याचं कारणही रोज नव्याने घडतं. स्थळपाहणीला जून उजाडला. आदल्या रात्री मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला होता. आम्ही सगळे बांधावर उभे राहिलो आणि नांगरलेल्या त्या रानात दोन समांतर रेषांमध्ये पाणी साचलेलं दिसलं. वर्षानुवर्षं गाडीचं चाक जिथून गेलं होतं तिथली माती खालून इतकी दबलेली होती, की वरून नांगर फिरला तरी पाणी मुरत नव्हतं. चाकोरी जशीच्या तशी उमटली होती. मावशी कुणाशी काही बोलल्या नाहीत. चप्पल काढून त्या पाण्याच्या एका रेषेत उभ्या राहिल्या, तिथून पार स्वतःच्या बांधापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या.

पंचनाम्यात सगळं आलं. निकालातही आलं. रस्ता होता, शाबीत. अडवला, शाबीत. दावा मुदतबाह्य, सबब नामंजूर. प्रांतांकडे पुनरीक्षण अर्ज केला, तोही गेला. निकाल चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. समोरच्या बाजूने उभी असते तर मीही मुदतीचाच मुद्दा मांडला असता आणि जिंकले असते. दिवाणी दावा घातला, तो तारखांमध्ये अडकला. पण त्या उन्हाळ्यानंतर माझ्या डोक्यात एक प्रश्न बसला तो उठेना. हे 'सहा महिने' लिहिले कुणी, आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं?

राजकारणात कशी गेले ते थोडक्यात सांगते, त्यात विशेष काही नाही. वकील संघाची अध्यक्ष होते, गावोगाव कायदे साक्षरता शिबिरं घेत होते, लोक ओळखत होते. एका पक्षाने विचारलं, घरी चर्चा झाली, हो म्हटलं.

उमेदवारी अर्जाची रात्र मात्र लक्षात राहिली. दहा हजारांची अनामत, सूचकाची सही, यादीतला भाग क्रमांक हे सगळं ठीक. खरं काम नमुना २६ च्या शपथपत्राचं. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे मतदाराला कळलंच पाहिजे असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये सांगितलं, आणि रकाने कोरे ठेवले तर अर्ज बाद होऊ शकतो हे २०१३ मध्ये. म्हणून जिथे काही नाही तिथेही 'निरंक' लिहायचं. मी आयुष्यभर दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं लिहिली होती. त्या रात्री स्वतःचं लिहीत वारसाहक्काच्या मालमत्तेच्या रकान्यापाशी आले आणि हात थांबला. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलेलंच नव्हतं. मुलींनाही जन्माने हिस्सा आहे हे मी शिबिरांमध्ये घसा फोडून सांगत होते. महाराष्ट्राने तो १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये. मी दादाला फोन केला. तो पलीकडे गप्प झाला आणि मग म्हणाला, "अगं, राहूनच गेलं की. उद्याच तलाठ्याकडे जातो." भांडण नाही, वाद नाही, फक्त राहून गेलेलं. त्या रात्री मावशींचे नऊ महिने मला आतून कळले. घरच्या माणसाच्या विरोधात कागद करायला जीव धजत नाही, आणि तारीख तर पुढे सरकतच असते.

निवडून आल्यावर पहिला प्रश्न वकिलीचा. कायद्याने आडकाठी नाही. २५ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आमदार-खासदार कुणाचे पगारी नोकर नाहीत, त्यामुळे बार कौन्सिलच्या नियम ४९ ची बंदी त्यांना लागत नाही. माझे काही सहकारी सदस्य अजूनही कोर्टात उभे राहतात आणि त्यात गैर काही नाही. मी थांबले त्याला कारण माझं काम. माझी निम्मी प्रकरणं तहसीलदार आणि प्रांतांसमोर चालायची. सकाळी आढावा बैठकीत ज्या अधिकाऱ्याला मी जाब विचारणार, त्याच्याच समोर दुपारी पक्षकाराच्या बाजूने उभी राहणार? समोरच्या पक्षकाराला काय वाटेल? कोट कपाटात टांगला. सनद अजून आहे.

सभागृहात वकिलाला सगळं सोपं जात असेल असं लोकांना वाटतं. भाषा सोपी जाते, शिस्त अवघड जाते. कोर्टात मी बोलत असताना समोरचा वकील मध्ये बोलला तर न्यायाधीश त्याला बसवतात. इथे समोरच्या बाकांवरून आवाज येतच राहतात आणि आपण "अध्यक्ष महोदय" म्हणत पुढे जायचं असतं. मंत्र्यांना उलटतपासणीसारखे प्रश्न विचारून चालत नाही. पहिल्या अधिवेशनात तारांकित प्रश्नावर मी "हे खरं आहे की नाही?" असं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मोघम उत्तर आलं आणि वेळ संपली. नंतर एका ज्येष्ठ सदस्यांनी लॉबीत बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, कोर्टात साक्षीदाराला पाडायचं असतं. इथे मंत्र्यांकडून तारीख घ्यायची असते." तेव्हापासून माझा उपप्रश्न एकच असतो, कधीपर्यंत? सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती आहे, पण तिच्या हातात पकडायला काहीतरी ठोस वाक्य लागतं.

आणखी एक गोष्ट मनाला भिडली. आपण बोलतो ते सगळं प्रतिवेदक टिपून घेतात आणि ती प्रत थोड्या वेळात हातात येते, वर लिहिलेलं असतं 'असुधारित प्रत'. संविधानाच्या अनुच्छेद १९४ प्रमाणे सभागृहातल्या बोलण्याबद्दल माझ्यावर कोर्टात खटला चालू शकत नाही. एकोणीस वर्षं शब्द तोलून वापरणाऱ्या माणसाला हे स्वातंत्र्य सुरुवातीला जड वाटतं. कुणाचं नाव घेताना मी अजूनही थांबते.

दुसऱ्या वर्षी मी अशासकीय विधेयकाची सूचना द्यायचं ठरवलं. मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं ते अशासकीय विधेयक. १९०६ च्या मुंबई अधिनियम क्रमांक २ मध्ये एक बदल, बस्स. 'सहा महिन्यांच्या' ऐवजी 'दोन वर्षांच्या'. उद्देश व कारणे यांचं निवेदन मी एका बैठकीत लिहून काढलं.

ते घेऊन मी विधि व न्याय विभागातून निवृत्त झालेल्या एका प्रारूपकारांकडे, म्हणजे कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला, कागद वाचला आणि विचारलं, "सहा महिने का ठेवले असतील?" मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. ते म्हणाले, "विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ चा. त्याच्या कलम ६ मध्ये ताबा गेला तर किती मुदत आहे?" मला माहीत होतं. सहा महिने. "म्हणजे नुसतं जुनं म्हणून नाही. झटपट उपाय हवा तर झटपट यायचं, हा त्यामागचा विचार आहे. मालकी कुणाची, हक्क कसा आला, यात न शिरता मामलेदार आदेश देतो. दोन वर्षांनी आलेल्या माणसालाही तसाच आदेश देणार का?"

मग त्यांनी जे विचारलं त्याचा विचार मी केलाच नव्हता. "समजा उद्या मावशींचा दीर हा कायदा वापरायला आला. वीस महिन्यांपूर्वीची वाट दाखवतो, चार साक्षीदार आणतो, आणि एका गरीब माणसाच्या रानातून रस्ता काढून घेतो. तुमचा शब्द त्यालाही तितकाच उपयोगी पडेल. त्याला कसं अडवाल?"

वकील म्हणून मी नेहमी एका माणसाच्या बाजूने उभी होते. त्या माणसाला जे उपयोगी ते मांडायचं, दुसऱ्या बाजूचं बघायला दुसरा वकील आहे. मसुदा लिहिताना दुसरा वकील नसतो. दोन्ही बाजू आपल्यालाच व्हावं लागतं, आणि ज्यांचा जन्मही झालेला नाही अशा पक्षकारांचंही ऐकावं लागतं. घरी येऊन मी पहिल्यांदाच ती फाईल दिराच्या वकिलासारखी वाचली.

पुढचे दोन महिने आम्ही त्या एका पोटकलमावर घालवले. सहा महिने तसेच ठेवायचे आणि खाली एक परंतुक, म्हणजे 'परंतु' ने सुरू होणारं अपवादाचं वाक्य, जोडायचं असं ठरलं. मुदत कायद्याच्या कलम ५ मधली विलंबमाफी अपिलांना आणि अर्जांना मिळते, दाव्यांना मिळत नाही, आणि मामलेदारासमोर येतो तो दावा. त्यामुळे माफीचा दरवाजा या कायद्यातच ठेवायला हवा होता. पहिला मसुदा: 'परंतु, वादीने पुरेसे कारण दाखविल्यास न्यायालय विलंब क्षमापित करील.' सरांनी 'करील' खाली रेघ मारली. 'करील' म्हटलं की बंधन आलं, तहसीलदाराला नाही म्हणताच येणार नाही. 'करता येईल' म्हटलं की त्याच्या मर्जीवर गेलं. मी 'करील' साठी भांडले. शेवटी 'करता येईल' ठेवलं, पण त्यापुढे 'कारणे लेखी नमूद करून' घातलं, म्हणजे नाकारायचं असेल तरी का ते लिहावं लागेल आणि पुनरीक्षणात ते तपासता येईल. आणि वर एक कमाल मर्यादा, कोणत्याही परिस्थितीत दोन वर्षांपलीकडे नाही. 'पुरेसे कारण' यात गावात किंवा भावकीत समेटाचे प्रयत्न चालू असणं धरलं जाईल, असं स्पष्टीकरणही जोडलं. ते स्पष्टीकरण मावशींचं. ते लिहिलं तेव्हा मला जे समाधान वाटलं, ते मोठमोठे दावे जिंकूनही कधी वाटलं नव्हतं.

त्याच दिवसांत मी विधानमंडळाच्या ग्रंथालयात जुनी कार्यवाही वाचत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२७ मध्ये मुंबई विधान परिषदेत आले तेव्हा मुंबईत वकिली करणारे बॅरिस्टर होते. १९२८ मध्ये त्यांनी महार वतनाबद्दल सुधारणा विधेयक मांडलं, ते शेवटी मागे घ्यावं लागलं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोतीपद्धत रद्द करणारं विधेयक मांडलं, तेही तेव्हा मंजूर झालं नाही. खोती नष्ट करणारा कायदा आला १९४९ मध्ये, कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली १९५८ च्या कायद्याने. ती भाषणं वाचताना मला त्यांच्यातला वकील जागोजागी दिसला. आधी वस्तुस्थिती, मग आकडे, मग कायदा आज काय म्हणतो, मग तो माणसाला कुठे चिरडतो. आवाज चढवलेला कुठेच नाही. मी माझं भाषण त्या क्रमाने पुन्हा लिहिलं.

विधेयकाला अनुमती मिळाली, पुरःस्थापित झालं. चर्चेला कधी येणार हे चिठ्ठीवर असतं. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एका शुक्रवारी नंबर लागला. अशासकीय कामकाजाची वेळ शेवटची, पुष्कळ सदस्य गाड्या पकडायला निघालेले. बाकांवर मोजके लोक. मी पंधरा मिनिटं बोलले. चाकोरीत साचलेलं पाणी सांगितलं. आश्चर्य म्हणजे सत्ताधारी बाजूचे तीन सदस्य पाठिंब्याला उठले. तिघांच्याही मतदारसंघात शेतरस्त्याची भांडणं खुनापर्यंत गेलेली होती.

मंत्र्यांनी उत्तर चांगलं दिलं. भावना योग्य आहे, विभाग सर्वंकष अभ्यास करेल, सरकार स्वतः सुधारणा आणण्याचा सकारात्मक विचार करेल, तरी सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं. मी उठून विचारलं, "कधीपर्यंत?" उत्तर आलं, लवकरात लवकर.

आता दोनच वाटा होत्या. मत मागायचं, किंवा मागे घ्यायचं. मत मागितलं असतं तर 'नाही' म्हणणाऱ्यांचं बहुमत ठरलेलं होतं आणि सभागृहाने ही सुधारणा फेटाळली अशी नोंद कायमची झाली असती. मागे घेतलं तर निदान मंत्र्यांचं वाक्य कार्यवाहीत राहतं आणि त्याचा पाठपुरावा करता येतो. संसदेत आजवर फक्त १४ अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. हा आकडा मला माहीत होता. तरी त्या अर्ध्या मिनिटात माझे हात थंड पडले होते. मी मागे घेतलं. बरोबर केलं का? हरलेल्या केसपेक्षा तडजोड केलेली केस जास्त काळ मनात राहते. माझ्या एका ज्युनियरने मला तोंडावर सांगितलं की मतदान घ्यायला हवं होतं, कोण कुठे उभं आहे ते तरी लोकांना दिसलं असतं. तिचं म्हणणं मला खोडता आलेलं नाही.

पुढच्या दोन अधिवेशनांत मी याच विषयावर एकदा लक्षवेधी दिली आणि एकदा आश्वासनाचं काय झालं म्हणून पत्र. विभागाने जिल्ह्यांकडून माहिती मागवल्याचं उत्तर आलं. पुढच्या अधिवेशनासाठी विधेयकाची सूचना मी पुन्हा दिली आहे, या वेळी परंतुकाची भाषा आणखी घट्ट करून.

पण कायदा बदलेपर्यंत लोकांच्या तारखा थांबत नाहीत. म्हणून नागपूरहून परतल्यावर मी ठरवलं की मतदारसंघातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फलक रंगवायचा. रस्ता अडवला तर कुठे जायचं, कोणतं कलम, कोणते कागद, आणि मुदत. भावकीची बैठक जरूर घ्या, पण आधी दावा दाखल करा. समेट झाला तर दावा मागे घेता येतो. हे शेवटचं वाक्य मला कोर्टात एकोणीस वर्षं कुणी लिहायला सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सुचवलं नव्हतं.

मावशींच्या गावात फलक रंगवत होते त्या दिवशी मी तिथे होते. त्यांचा दिवाणी दावा अजून चालू आहे, ऊस सोडून त्यांनी आता ज्वारी धरली आहे, ती डोक्यावरून आणता येते. विधेयकाचं मी त्यांना आधीच सांगितलं होतं. त्या ओट्यावर बसून रंगाऱ्याचं काम बघत होत्या. मुदतीच्या ओळीवर आल्यावर तो पोरगा ब्रश धरून थांबला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, सहा आकड्यात लिहू का अक्षरात?"

माझ्या आधी मावशीच बोलल्या. "दोन्ही लिही. आणि मोठं लिही."